ठोकळ्यावरचा सूर

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही बहीणभाऊ एकदा सुरू झालात की माझ्या वाट्याला शेवटी "वहिनी, बरी आहेस ना?" एवढंच येतं. मला जे विचारायचंय ते एवढ्याशा फटीत मावणारं नाही.

लेक नोकरीला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. शाळेत असताना हट्ट करून घेतलेला तो कीबोर्ड कपाटावर पडून होता. मी तो पुसायला म्हणून खाली काढला आणि परत वर ठेवलाच नाही. आता दुपारी माझं शिवणाचं दुकान बंद असतं तेव्हा तासभर त्याच्याशी झटापट करते. कुठल्याशा चोपडीतून सूर ओळखायला शिकले. मुलांची गाणी वाजवून झाली. पण मला ती वाजवायची नाहीत.

तुम्हाला आठवत नसेल. माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते आणि सासूबाईंनी मला तुम्हाला बोलवायला संगीत विद्यालयात धाडलं होतं. तुम्ही मोठ्या पियानोवर काहीतरी वाजवत होतात. डावा हात झोका दिल्यासारखा चालला होता आणि उजवा त्याच्यावर जरा रेंगाळत. मी दाराशी चपला काढू की नको या विचारात उभी राहिले ती तुमचं संपेपर्यंत तशीच. नंतर तुम्ही म्हणालात, तो वॉल्ट्झ आहे, विलायती नाचाची धून, दोनशे वर्षं जुनी. घरी उशीर झाला म्हणून दोघींनीही बोलणी खाल्ली.

तो मला शिकायचाय. त्याचे सूर लिहिलेले कागद पाठवाल का? हसलात तरी चालेल, पण पाठवा.

तुमची,
वहिनी

ता.क. हे पहाटेची पहिली बस घेऊन जातात आणि दुपारी येऊन झोपतात. म्हणून मी कानाला हेडफोन लावून वाजवते. यांच्या झोपेला माझा काडीचा त्रास नाही, हे आधीच सांगून ठेवते.


२० जानेवारी

प्रिय वहिनी,

आधी ते 'वन्सं' आणि 'तुम्ही' बंद कर. वर्गातली पोरं मला आजीबाई समजतात तेवढं पुरे आहे.

कागद सोबत आहेत. दोनच पानं आहेत, पण दिसतात तेवढी गरीब नाहीत. खरं सांगू का, रागावू नकोस. कीबोर्ड हे खेळणं आहे. त्याच्या पट्ट्यांना वजन नसतं. पियानोची पट्टी दाबली की आत एक हातोडी जाऊन तारेवर आपटते. ते बोटाला कळतं. तुझ्या खेळण्यात नुसता खटका आहे, दिवा लावायच्या बटणासारखा. त्यावर हा वॉल्ट्झ शिकणं म्हणजे सतरंजीवर पोहायला शिकणं.

शिवाय या कीबोर्डांवर माझा दात आहे. आमच्या विद्यालयाच्या नव्या मुख्याध्यापकांना ओळीने पंधरावीस कीबोर्ड मांडून प्रत्येकाच्या कानाला हेडफोन लावायचे आहेत. पियानोला जागा फार लागते म्हणे. त्या माणसासमोर मी रोज तोंडाला कुलूप लावून बसते, म्हणून तुझ्यावर बरसले.

सुरुवात डाव्या हाताने कर. एक खालचा सूर, मग वर दोनदा. घाई करू नकोस.

तुझी,
वन्सं म्हटलेली न चालणारी


३ एप्रिल

प्रिय वन्सं,

(सवय आहे, जाणार नाही.)

तुमचे ते दोन कागद बघून पहिले चार दिवस कपाळाला हात लावून बसले. मग बेतणीच्या खाकी कागदावर मोठ्या अक्षरात सगळे सूर उतरवून काढले आणि भिंतीला लावले. आता जमेल असं वाटतंय. डावा हात पहिल्या पानभर चालतो. उजवा वेगळा चालतो. दोघांना एकत्र बसवलं की सासूसुनेसारखं होतं, पण बोलणं सुरू झालंय.

पायाने दाबून सूर लांबवायचं पेडलसुद्धा आणलं. ते मात्र मला पहिल्या दिवसापासून आलं, त्यात काय आहे! ओळ सुरू झाली की दाबायचं आणि ओळ संपली की सोडायचं. मशीनवर शिवण घालताना आयुष्यभर तेच करत आले.

यांचं मात्र बिनसलंय. परवा विचारलं, "दुपारभर काय कुटत असतेस?" मी म्हटलं, आवाज तर बाहेर येत नाही. तर म्हणतात, "पट्ट्यांचा येतो की. टक टक टक." मला फार वाईट वाटलं. पहाटेपासून गर्दीतून बस हाकून आलेल्या माणसाला ती दोन तासांची झोप, आणि तीही माझ्यामुळे मोडायची. म्हणून मी कीबोर्डखाली जाड रजई घडी करून घातली. टकटक पुष्कळ कमी झाली. दुसऱ्याच दिवशी यांनी ती रजई काढून नेली! भर उन्हाळ्यात यांना पांघरायला हवी झाली! भांडायचं असेल तर सरळ भांडावं माणसाने.

एक अडचण आहे. दुसऱ्या पानावर डाव्या हाताला एक सूर इतका खालचा आहे की माझा कीबोर्ड त्याच्या आधीच संपतो. तिथं आले की हात हवेत राहतो आणि मी थांबते. काय करू?

तुमची,
वहिनी


१५ एप्रिल

प्रिय वहिनी,

पेडलचं वाचून मी वर्गात एकटी मोठ्याने हसले आणि मग घाबरले. अगं, ओळभर पेडल दाबून ठेवलंस तर सगळे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो! तुझ्या खेळण्यात सूर लवकर विरतो म्हणून ते खपलं. खऱ्या पियानोवर पहिल्या ओळीलाच लोक कानावर हात ठेवतील. पेडल दर बदलाला सोडायचं आणि लगेच दाबायचं. नवा सूर बोटाने धरलेला असताना पाय उचलायचा, जुनं सगळं जाऊ द्यायचं, आणि बोट सुटायच्या आत पाय परत खाली. सांगायला सोपं, पण माझ्या पोरांचं यात वर्ष जातं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

खालच्या सुराचं म्हणशील तर तोच सूर वरच्या सप्तकात घे. कीबोर्डवाले सगळे तसंच करतात. जरा पोकळ वाटेल, पण इलाज नाही.

दादाचं काय घेऊन बसलीस? लहानपणी मी सराव करायला बसले की तो खुशाल बाहेर खेळायला जायचा. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.

इकडे निर्णय झाला. नोव्हेंबरच्या वार्षिक कार्यक्रमानंतर पियानो दुसऱ्या गावच्या सभागृहाला देणार आहेत. ज्या पियानोवर तू मला ऐकलंस, तोच. मी फार बोलत नाही, कारण बोलायला लागले की रडायला येतं.

तुझी


२ जून

प्रिय वन्सं,

पियानोचं ऐकून दुकानात मन लागेना. एका गिऱ्हाइकाची पँट एका पायाला आखूड केली.

पेडल जमलं. तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं आणि मग लक्षात आलं की हे मला येतं! कॉलरचं टोक शिवताना कोपरा आला की आम्ही काय करतो? सुई कापडात रुतवून ठेवायची, कापडावर दाबून बसलेला मशीनचा छोटा पाय उचलायचा, कापड वळवायचं आणि पाय परत खाली टेकवायचा. सुई आत असते म्हणून काही हलत नाही. तुमचं बोट म्हणजे सुई. मी उगीच सरळ शिवण धरून बसले होते. इथं तर पावलोपावली कोपरे आहेत. आता प्रत्येक बदलाला मनात "कोपरा" म्हणते आणि पाय आपला आपण उचलला जातो.

पण खालचा सूर मी वर घेणार नाही. रागावू नका. खोटी सवय लागली की हात तिथंच जाणार. लेकीच्या शाळेच्या मोजपट्टीने पट्ट्या मोजल्या. तो सूर माझ्या कीबोर्डच्या बाहेर तीन पट्ट्यांवर येतो. बरोबर त्या जागी टेबलावर मी इस्त्रीचा लाकडी ठोकळा ठेवलाय, शिवण दाबून बसवायचा असतो तो. हात खाली जातो, ठोकळ्यावर ठक करतो आणि परत वर येतो. सूर ऐकू येत नाही, पण जागा चुकत नाही. तो सूर दुसऱ्या पानावर पुन्हा पुन्हा येतो, तेवढ्या वेळा ठक.

काल पहिल्यांदा तिथं न अडखळता पुढे गेले. आणि गंमत म्हणजे कालच यांनी झोपेतून उठून आपणहून चहा केला! लग्नानंतर हे असं कितीदा झालंय ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटलं, बरं नाही का? तर नुसतं हसले. बाकी वागणं तसंच विचित्र आहे. हल्ली आतल्या खोलीतली गादी सोडून माझ्या भिंतीला लागून बाहेर सतरंजीवर पडतात. मला लाजवायला, दुसरं काय!

तुमची,
वहिनी


१४ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी वर्गात पोरांना वाचून दाखवलं. दादाचा भाग गाळून. कोपऱ्याचं सांगितल्यावर दोघीतिघींना पेडल त्याच दिवशी जमलं. इतकी वर्षं शिकवतेय, पण हे इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. आता वर्गात आम्ही सगळे "कोपरा, कोपरा" म्हणत असतो आणि मुख्याध्यापक दारातून डोकावून जातात.

आणि तो ठोकळा! वहिनी, जो सूर कानाला मिळतच नाही त्याच्यासाठी रोज इमानाने हात खाली नेणारी बाई मी पाहिलेली नाही. मी तुझ्या कीबोर्डला खेळणं म्हणाले होते. तो शब्द मागे घेते.

म्हणून सांगते, नोव्हेंबरच्या कार्यक्रमात तू वाजव. त्या पियानोवर वाजायचा शेवटचा तुकडा तुझा असू दे. नाही म्हणू नकोस. त्यानंतर तो पियानो आपल्या कुणाच्याच हाताला लागणार नाही.

आदल्या दिवशी ये म्हणजे हात बसेल. पट्ट्या जड लागतील. आणि तो खालचा सूर. तू तो कधी ऐकलेला नाहीस. या पियानोचा खालचा आवाज पोटात उतरतो. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा बिचकशील, आणि तिथं एकदा हात सुटला तर पुढचं सापडणं कठीण. म्हणून आधी ऐकून घे.

तुझी


३० ऑगस्ट

प्रिय वन्सं,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस घेतले, कारण रोज 'नाही' लिहायला बसायचे आणि लिहिवत नव्हतं.

मी येते. मला एकदाच, पण खऱ्या पियानोवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजवायचाय. तेवढं झालं की बाकी काही मागणं नाही. पण भीती वाटते. आजवर हे माझ्याशिवाय कुणीच ऐकलेलं नाही. लेक फोनवर "वाजव ना आई" म्हणते तर मी विषय बदलते. हेडफोनच्या आत मला जे छान वाटतं ते बाहेर कसं असेल कोण जाणे. तुमच्या पोरांसमोर फजिती झाली तर तुम्हालाही खाली बघावं लागेल.

आदल्या दिवशी येणं जमणार नाही. यांना एकाच दिवसाची रजा मिळतेय. मी म्हटलं, मी एकटी जाते, तर म्हणतात, "बहिणीला भेटून बरेच दिवस झाले." तेव्हा भेट तुमची, वाजवणं माझं. आम्ही दुपारी पोचू, थेट कार्यक्रमालाच. खालचा सूर ऐकायचा तेव्हाच ऐकेन.

पट्ट्या जड लागतील त्याची काळजी करू नका. ही बोटं कात्रीने कमावलेली आहेत.

तुमची,
वहिनी


२० नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

सुखरूप पोचलो. निघताना इतकी गडबड झाली की तुमच्याशी धड बोलताही आलं नाही.

अजून माझा विश्वास बसत नाही. पट्ट्या जड होत्या, पण तुम्ही म्हणालात ते खरं, आत काहीतरी आपलं ऐकतंय असं बोटाला कळतं. पहिलं पान कसं गेलं मला आठवत नाही. दुसऱ्या पानावर हात खाली न्यायची वेळ आली तेव्हा मनात म्हटलं, आता ठोकळा नाही, आता खरं. आणि तो सूर आला! वन्सं, मी रडायचीच बाकी होते. इतके महिने मी रिकाम्या जागी हात टेकवत होते, आणि त्या जागी हे होतं! बिचकले मी. तुम्ही शेजारी बसला होतात, तुम्हाला दिसलंच असेल. पण पुढचं सापडलं आणि शेवटपर्यंत कुठे थांबले नाही.

खरं सांगू, मला सावरलं ते एका बिघाडाने. तुमच्या पियानोत काहीतरी सैल झालंय. तो खालचा सूर वाजला की त्याच्याबरोबर लाकडाचा ठक असा आवाज येतो. अगदी माझ्या ठोकळ्यासारखा. तो कानावर आला आणि मला एकदम घरी बसल्यासारखं वाटलं. दर वेळी येत होता, म्हणून पुढे भीतीच उरली नाही. दुसऱ्या गावी देण्याआधी तेवढं कुणाला तरी बघायला सांगा, नाहीतर तिथले लोक नावं ठेवतील.

हे पहिल्या रांगेत होते. पेंगले नसले म्हणजे मिळवलं. गाडीत मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, "झालं की नीट." आणि खिडकीबाहेर बघत बसले. असो. माणसाच्या स्वभावाला औषध नाही.

तुमची,
वहिनी


२७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

पियानो काल गेला. चार माणसांनी उचलला. तू लिहिलंस म्हणून जाण्याआधी मी तो खालचा सूर वीस वेळा वाजवून पाहिला. ठक वगैरे काही येत नाही. पियानोत काहीही सैल झालेलं नाही.

तो आवाज दादाचा होता.

तुझी पाठ हॉलकडे होती. मी पानं उलटायला म्हणून तुझ्या शेजारी बसले होते. दोन पानांना कसली आलीय उलटापालट, धीर म्हणून बसले होते. तू सुरू केलंस आणि मी सहज मागे वळून पाहिलं. दादाचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटं चालली होती. डाव्या गुडघ्यावर तुझा डावा हात, उजव्यावर उजवा. आधी वाटलं, नुसता ताल धरलाय. पण तू जिथं रेंगाळतेस तिथं त्याची बोटंही रेंगाळत होती. माझ्या पोरांना ते रेंगाळणं कागद समोर ठेवूनही येत नाही. दुसऱ्या पानावर तुझा डावा हात खाली गेला आणि दादाने खुर्चीच्या लाकडी हातावर ठक केलं. दर वेळी, बरोबर त्याच क्षणी. शेजारची बाई रागाने बघत होती, त्याला पत्ता नव्हता.

तू कपडे बदलायला गेलीस तेव्हा मी त्याला गाठलं. म्हटलं, "दादा, तुला हे कधीपासून येतं?"

"मला काय येतंय? रोज दुपारी ऐकतो ना."

"अरे, पण ती हेडफोन लावते!"

"म्हणूनच तर टकटक नीट ऐकू येते," म्हणाला. "आधी फार रखडत चालायची, पहिल्या गिअरमध्ये अडकल्यासारखी. मग हळूहळू सुटली. मध्येच तिने खाली रजई घातली तर काही ऐकूच येईना, म्हणून काढून घेतली. एका जागी रोज अडायची ना गं ती. मला वाटायचं, उठून जावं आणि विचारावं, काय अडलंय? पण ती थांबली असती. मग एक दिवस ठक झालं आणि गाडी पुढे गेली. इतका आनंद झाला मला, काय करावं कळेना. चहा टाकला."

मी विचारलं, "आत सूर काय असतील हे ऐकावंसं नाही वाटलं कधी?"

तो म्हणाला, "सूर तिचे होते. तिने दिले असते तर घेतले असते. माझ्या वाट्याला टकटक होती, ती मला पुरत होती."

वहिनी, मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं की त्याला ओ की ठो कळत नाही. ठो तरी कळतं, हे आता मान्य करते. तू म्हणतेस तुझं वाजवणं कुणीच ऐकलेलं नाही. अगं, इतकं कान देऊन माझं आयुष्यात कुणी ऐकलेलं नाही, आणि मी तर भरल्या सभागृहात वाजवत आले.

आमच्याकडे आज सकाळीच कीबोर्ड आले. ओळीने मांडलेत, सगळ्यांच्या कानाला हेडफोन. पहिल्या तासाला त्या मुक्या वर्गात मी रडवेली होऊन उभी होते. मग दादा आठवला. डोळे मिटले आणि नुसती टकटक ऐकली. कोण घाई करतंय, कोण अडलंय, कोणाचा जीव त्यात आहे, सगळं कळत होतं. एका मुलीजवळ जाऊन म्हटलं, "इथं घाबरतेस तू." तिने हेडफोन काढून विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

तुझी,
(म्हण बाई वन्सं, तुला म्हणायचं तर)


६ डिसेंबर

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र दुकानात वाचलं. शटर ओढून घेतलं आणि पोटभर रडले. मग तोंड धुऊन वेळेआधीच घरी गेले.

हे भिंतीशी सतरंजीवर पडले होते, डोळे मिटून. आता कळतं, ते डोळे मिटणं झोपेचं नव्हतंच. मी कीबोर्डवरची हेडफोनची वायर ओढून काढली, आवाज वाढवला आणि पहिल्यापासून सगळा वॉल्ट्झ वाजवला. दार उघडं ठेवून.

संपल्यावर वळून पाहिलं तर हे उशी हातात घेऊन दारात उभे. डोळे भरलेले. मी म्हटलं, "झोपमोड झाली का?" तर म्हणतात, "छान आहे. फार छान आहे. पण टकटक नीट ऐकू येत नाही."

हसू आवरेना मला. म्हणून परत हेडफोन लावले आणि यांच्यासाठी जुन्यासारखं एकदा वाजवलं. दुसऱ्या पानाआधी हे खुर्ची ओढून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले, ठोकळ्यापाशी. मी हात खाली न्यायला गेले तर त्यांनी तो हळूच वर सारला आणि ठक स्वतः केलं.

आता रोज असंच चालतं. एकदा वायर काढून, एकदा लावून. खालचा सूर कायमचा त्यांच्याकडे गेलाय. जागा चुकत नाहीत, पण मारतात फार जोरात. तुम्ही सांगा त्यांना, माझं ऐकत नाहीत.

तुमची,
वहिनी